तिसऱ्या फळीवरची बाटली

बोपोडीच्या रस्त्यात चिंच जाणार हे नक्की झालं,
त्या आठवड्यात इलाहीभाई अत्तार तिचा डहाळा घेऊन आले,
पंक्चरच्या घमेल्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून.
"बी नको लावू," म्हणाले. "बी मी लावलंय तीनदा.
चिंच येते. ही येत नाही."

पाषाणच्या आमच्या खोलीत वारासुद्धा गाळून येतो.
मी चिमटा ज्योतीत धरते, निवू देते,
कोंबाची पानं एकेक उतरवते भिंगाखाली,
खसखशीहून बारीक, ओला घुमट उरेपर्यंत.
मूलपेशी.
नव्वद वर्षांच्या झाडाच्या टोकाशी बसलेल्या,
ज्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही
तू पान, तू साल, तू शेंग.

चाळीस बाटल्या भरल्या.
चिंच रुसली.
कापल्या जागेतून तपकिरी रस सोडत
स्वतःच्याच रागात काळी पडली.
अगरमध्ये कोळशाची पूड घालून पाहिली.
मग बुरशी आली, कापसासारखी, रविवार गाठून.
तेजोमय म्हणाला, "मॅडम, सोडा ना."
उरल्या तीन.

म्हातारं झाड मूळ धरायचं विसरतं.
त्याला दर महिन्याला नव्या बाटलीत हलवायचं,
दर बदलीत थोडं वय गळतं म्हणतात.
माझ्या नोकरीत चार बदल्या झाल्या,
माझं काही गळलं नाही,
केस सोडून.

अकराव्या बदलीनंतर, फेकायच्या ट्रेमध्ये ठेवलेल्या बाटलीत
तळाशी पांढरा दोरा दिसला.
मी चष्मा पुसला. दोराच होता.
मूळ होतं.

इलाहीभाई आता पुलाच्या खांबाखाली बसतात,
तिथे सावली आहे, पण सिमेंटची, न हलणारी.
त्यांनी बाटली उजेडात धरली.
"हीच?"
"हीच."
"आणि चव?"
"आठ-दहा वर्षं लागतील."
ते बोटांवर मोजायला लागले, मध्येच थांबले.
हवेचा पंप उगाच एकदा दाबला.

मग मी समजावलं : एकदम बाहेर काढायचं नाही,
या पानांनी वारा पाहिलेला नाही.
कुंडीवर प्लास्टिकची पिशवी,
तिला आज एक भोक, परवा दुसरं,
असं महिनाभर.

"म्हणजे मी भोकं पाडायची?" म्हणाले,
आणि डब्यातून सर्वांत बारीक आरी शोधू लागले.
"पन्नास वर्षं नुसती बुजवतोय."