पाट्या

वन खात्याची ऑर्डर होती: सहा बाय तीन पत्रा,
हिरवी जमीन, पिवळी अक्षरं.
'डोंगर पाट्या. उंची ९३१ मीटर.'
भद्रकालीत तीस वर्षं पाट्या रंगवतो मी,
हसूच आलं.
माझ्या धंद्याच्या नावाचा डोंगर.

सावळघाटाच्या अलीकडे जीप सोडली.
काळ्या दगडाचे सात टप्पे, एकावर एक,
फटींत कारवीच्या वाळल्या काड्या,
आणि माथ्यावर धार, हातभर रुंद.
गार्ड हरी भोयेनं तिच्यावर बाटली उपडी केली.
नव्या माणसाला हे दाखवायची त्याला हौस.
अर्धं पाणी गोदावरीकडे, अर्धं दमणगंगेकडे.
"दोन समुद्र, पेंटरभाऊ. एक बाटली."
उतरताना दोघांनाही तहान.

पूर्वेला उंबरदहाड. धावजी गांगुर्डे म्हणाला,
पाट्या कुठला? पाठ्या.
बघा की, आमच्याकडे पाठ करून बसलाय,
रुसल्या बैलासारखा. वशिंडसुद्धा आहे.
गोऱ्या साहेबाच्या लिपीत ठ नव्हता.
नकाशावर ट उतरला,
नकाशावरून कचेरीत,
कचेरीतून माझ्या वहीत.
मध्ये एका बाबानं पाटेश्वर करून पाहिला,
शेंदूर फासला, पावतीपुस्तक छापलं.

पश्चिमेचा पाडा उताराला चिकटलेला.
तिथून डोंगराचं तोंड दिसतं: कपाळ, नाकाड,
खाली घळीचा उघडा जबडा.
"पाठ्या?" जिवलीबाई नाचणी पाखडता थांबली.
"पाठ कुणी बघितलीय त्याची?"
मग तुम्ही काय म्हणता?
तिनं पदर सावरला. सून हसली.
सासऱ्याचं नाव तेच, त्याच्या आज्याचंही तेच;
बायकांनी घ्यायचं नाही.
आणि पुरुष सगळे दिंडोरीला, द्राक्षांच्या कामावर.
"आम्ही वरचा म्हणतो.
वरचा तापला. वरच्यानं टोपी घातली."

संध्याकाळी खिंडीत पत्रा उभा केला.
फरक तसा फार नसतो:
ट चं तोंड उघडं, ठ चं मिटलेलं.
बोटभर रंगाची एक ओढ.
हरीनं पत्र्याकडे पाहिलं, मग जीपकडे.
"मला काय दिसलं नाय," म्हणाला.

ओढ दिली. सुकेपर्यंत थांबलो नाही.
पेठच्या नाक्यावर चहा पिताना आठवलं,
पत्र्याची मागची बाजू कोरीच आहे,
पश्चिमेकडे तोंड करून.