सकाळचे दोन

तारीख आता बदलता येत नाही.
फी परत मिळत नाही, हे त्यांनी ठळक छापलंय,
आणि फी म्हणजे माझे अडीच महिने:
अडीच महिने चमच्यातून चहा ओढला, जिभेवर घोळवला, थुंकला,
वहीत लिहिलं: कडक. तांबूस. शेवटी जरा धुरकट.

तेवीस दिवस.
चेपकिरुई म्हणाली, लोक सहा महिने घेतात.
असतील लोकांकडे, म्हटलं.
तिने आपली जुनी पुस्तकं दिली. उत्तरं खोडलेली,
पण ती पेन्सिल दाबून लिहिणारी,
कागदावर बोट फिरवलं की बरोबर पर्याय हाताला लागतो.
मी फिरवत नाही.
एकदा फिरवलं.

आमचं घर लिकोनीला, लिलाव मोम्बासात,
मधे खाडी.
दोन बोटी समोरासमोरच्या किनाऱ्यांवरून एकाच वेळी सुटतात,
किती मिनिटांनी भेटतील?
गणित घालणाऱ्याला ठाऊक नाही
की एक बोट परवापासून बंद आहे,
दुसरीच्या तोंडाशी केळ्यांची हातगाडी अडकलीय,
आणि मधून जहाज चाललंय, त्याला आधी वाट द्यायची असते.
बाबांना विचारलं. सत्तावीस वर्षं त्यांनी ती बोट हाकली.
म्हणाले, "भेटत नाहीत त्या, मेजुमा. चुकवतात एकमेकींना.
त्याचाच तर पगार होता."

रात्री बाबा वेळ लावतात.
इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पण पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस.
पंख्याखाली, गुडघ्यावर ते चावीचं घड्याळ,
आमच्या जुन्या रीतीने लावलेलं:
सूर्य वर आला की दिवस शून्यापासून,
सातला एक, आठला दोन.
माझा काटा जिथे असतो
त्यांचा नेमका समोर.

"थांब."
दोन प्रश्न उरलेले असतात.
अर्धं मिनिट, बाबा.
"अर्ध्या मिनिटात धक्क्याला ठोकली असती मी."

एक प्रकार असा, की त्यात उत्तर काढायचंच नसतं.
फक्त सांगायचं, दिलेली माहिती पुरेशी आहे का.
विधान पहिलं: मेजुमा एकतीस वर्षांची आहे.
विधान दुसरं: तिच्या जिभेवर ठरलेला माल
बारा वर्षं दुसऱ्याच्या तोंडून पुकारला जातो.
तिने जावं का?
पहिलं एकटं पुरत नाही.
दुसरं एकटं,
रात्री अकराला,
पुरतं.

नऊ दिवस राहिले तेव्हा सराव परीक्षेत गुण कमी आले,
पहिल्या दिवसापेक्षाही कमी.
मी काही फेकलं वगैरे नाही.
पुस्तक मिटून भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली.
बाबा कोपऱ्यावरून गरम महामरी घेऊन आले,
कागदावर तेलाचा डाग पसरत गेला आणि आम्ही तो बघत बसलो.
मग विचारलं त्यांनी, पहिल्यांदाच,
"तिथे दोन वर्षं शिकवणार तरी काय?"
चहाचा भाव कोण ठरवतं, ते.
"ते तर तूच ठरवतेस."
नाही बाबा. मी चव ठरवते.
त्यांनी अर्धी महामरी माझ्याकडे सरकवली.

उद्या आठला.
आत घड्याळ नेऊ देत नाहीत, सांगून झालं,
तरी आज त्यांनी चावी दिली, कानाला लावून बघितलं,
आणि दोन बोटं दाखवली मला:
सकाळचे दोन. मी येतो धक्क्यापर्यंत.

त्यांच्या आणि माझ्या घड्याळात सहा तासांचं अंतर,
कुणाच्याच नावावर न लिहिलेलं.
इतके दिवस मी तिथेच तर बसत होते.

आता ते खुर्चीतच झोपलेत,
घड्याळ मांडीवरून घसरून चटईवर पडलंय, उपडं.
प्रमाण आणि टक्केवारी, शेवटचं पान.
पंचेचाळीस मिनिटं कधीच संपली असणार.
उरलेले दोन प्रश्न
मी सोडवतेय,
आणि कुणी थांब म्हणत नाही.