कुशीतलं भोक

भोक पाडायचंय, म्हटल्यावर भालेकर मिस्त्री
दोन मिनिटं माझ्याकडेच बघत राहिले.
भद्रकालीत बाजाच्या पेट्या दुरुस्त करण्यात हयात गेली त्यांची,
फाटके भाते, बसलेले सूर, उंदरांनी कुरतडलेलं कापड.
लोक भोकं बुजवायला येतात, म्हणाले,
तुम्ही पाडायला आलात.

मी म्हटलं, एकवीस वर्षं
शरणपूरच्या चर्चमध्ये वाजवतेय ही गिटार.
तोंड तिचं कायम बाकांकडे.
पहिल्या बाकावरच्या लिओनाबाईंना ती अख्खी मिळते,
मला मिळते भिंतीवरून परत आलेली,
उष्टी.
त्यात डावा कान आता अर्धाच.

पेराने ठोकत ठोकत ते कुशीवरून वर गेले,
माझ्या हनुवटीखाली आले तसे थांबले.
लाकूड इथे पुठ्ठ्याहून थोडंच जाड.
आधी द्राक्षांच्या रिकाम्या खोक्याला रबरबँड ताणून बघितले.
खोकं बोललं. जरासं.
मग आतून पट्टी चिकटवली, चीर जाऊ नये म्हणून.
दोन दिवस शिकंजात.
तिसऱ्या दिवशी ड्रिल लावलं, तेव्हा मी
भांडी बाजारात जाऊन उभी राहिले,
तांब्यावरच्या ठोक्यांत काही ऐकू येऊ नये म्हणून.

पेढ्याएवढं भोक. कडा घासून मऊ केलेल्या.
वरची जाड तार छेडली
आणि विहिरीवरचा पत्रा सरकवावा
तसा आवाज वर आला, थेट तोंडावर.
त्यात बोटं सरकल्याची खरखर होती,
तिसऱ्या तारेचा उतरलेला सूर होता,
एक करडा, खालचा घुमारा होता
जो माझाच होता म्हणे.

म्हणजे एवढी वर्षं लिओनाबाई हे सगळं ऐकत होत्या
आणि दर रविवारी म्हणत होत्या, छान झालं हो.

रविवारी विचारलं त्यांना. फरक?
नाही बाई, तश्शीच.
भाऊ म्हणाला, खर्ज किंचित कमी झालाय.
मग म्हणाला, नसेलही.
मग म्हणाला, पैसे किती घेतले?

मिस्त्रींनी शिसवीचं बूच दिलंय, नेमक्या मापाचं.
पस्तावलात तर लावा.
ते शिवणाच्या डब्यात पडलंय, बटणांमध्ये.

रात्री हळू वाजवते, शेजारी उठू नयेत इतकं.
पूर्वी इतकं हळू वाजवलं
तर मलाच कळायचं नाही वाजतंय की नाही.
तिसरी तार अजून उतरते.
आता मी थांबते, लावते.
वाकलं की आतून
सरसाचा वास येतो.