तारीख

रात्री लाइन गेली की ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर
सकाळी उठतो थेट एक जानेवारी दोन हजार नऊला.
आतला सेल मेला आहे. नवा सेल ठरावात आहे.

आर्वीचा रोशन वाघाडे एक स्क्रिप्ट देऊन गेला, चार ओळींची.
नुसतं डबल क्लिक केलं तर म्हणते, परवानगी नाही.
‘ताई, राइट क्लिक. रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर.
वेळेला हात लावाचा तर मालक व्हावं लागते.’
पासवर्ड कॅलेंडरच्या मागं, त्याच्याच अक्षरात.

मग पडदा काळवंडतो. मशीन विचारतं,
ह्या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का?
होय. नाही.
त्याचा कल आधीपासून ‘नाही’कडेच असतो.
मानधन सहा महिन्यांचं थकलेलं, आणि मालक मी.

पण नऊ सालच्या त्या सकाळी
यादोराव कोतवाल दवंडीला निघालेत, पायात नवा जोडा,
पंचफुलाकाकूचं नाव मतदार यादीत आहे,
आणि माझा लहाना भाऊ, नववीतला,
सायकलची चेन बसवतोय अंगणात, ग्रीसनं हात काळे.
वरच्या धुऱ्यावरची विहीर
अजून खोदायचीच आहे.

‘झालं का वं ताई?’ खिडकीतून कोणी.
‘होते ना बाप्पा, तारीख लावून राहिली मी.’

कर्सर थोडा वेळ तसाच ठेवते.
मग होय.
काळी चौकट उघडते, मिटते, बोट उचलायच्या आत.
कोपऱ्यात आजचा दिवस.

पहिला अर्ज रहिवासी दाखल्याचा.
प्रिंटरला शाई नाही.