घट्टच होता

पहिल्यानं बॉनेट उघडायच्या आधी माझे बूट पाहिले,
मग कोट,
मग आकडा सांगितला :
नऊ लाख पेसो, गिअरबॉक्स गेलाय, बाई.
गिअरबॉक्स गेला नव्हता.
तो मी अजून चालवते आहे.

दुसरा गोड बोलायचा.
काळाकुट्ट फिल्टर माझ्यापुढे नाचवत म्हणाला,
हा बघा तुमचा जुना, नवा बसवलाय.
मी आदल्या रात्री आमच्या फिल्टरच्या बुडाला
नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता.
घरी येऊन वाकून बघितलं,
ठिपका जागच्या जागी.
कुणाचा होता तो काळा फिल्टर,
आणि अशा किती बायकांना दाखवून झाला होता?
भांडायला गेले नाही. कानाला खडा लावला.

तिसऱ्याचं काम चोख, पण दर असा
की एका पावामागे मला काय सुटतं
हे त्याला सांगायचीही लाज वाटावी.

पुंता अरेनासमध्ये गाडी नुसती जुनी होत नाही.
सामुद्रधुनीवरून खारं वारं येतं
आणि दाराच्या खालच्या कडेपासून
सावकाश, चवीनं खात वर चढतं.
एकोणनव्वद सालची सुबारू,
मागे पावाच्या टोपल्या,
पहाटे चार ते आठ, सतरा दुकानं.
तिचा खोकला मला झोपेतही ओळखू येतो,
नवऱ्याचा यायचा तसा.

येर्कोचा पत्ता मासळीवाल्या इर्मानं दिला.
म्हणाली, बोलत नाही फारसा,
पण त्याचं बिल वाचता येतं.

पाटी नव्हती. पत्र्याची शेड,
दारात लंगडं कुत्रं.
मी म्हटलं, मागून खडखड येते.
तो शेजारी बसला, काच खाली केली,
म्हणाला, चालवा.
तिसऱ्या चौकात म्हणाला, थांबा.
डिकी उघडून
सुटलेला जॅक एका फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला.
किती झाले?
कशाचे?

काढलेले भाग वर्तमानपत्रात बांधून
न मागता सीटवर ठेवायचा,
मेलेला पक्षी ठेवावा तसे.
एकदा गाडीखालून निघून हात पुसत म्हणाला,
अजून दोन हिवाळे. सांगाडा सडलाय.
नंतर माझ्यावर पैसे घालवू नका.
मला राग आला होता. तीन आठवडे गेले नाही.

ऑक्टोबरात, रात्री साडेदहाला, फोन.
"दोन्या एदुविहिस, सकाळी गाडी सुरू करू नका.
ऑइलचा खालचा बोल्ट
मी घट्ट केल्याचं मला आठवत नाही."

बाहेर वारा असा की
नगरपालिकेनं चौकात धरायला दोर बांधले होते.
सायकलवर बसणं शक्यच नव्हतं,
ती ढकलत तो आला,
टॉर्च दातात धरून आडवा झाला.
बाहेर फक्त दोन बूट,
एकाची नाडी काळी, एकाची हिरवी.
पान्याचा आवाज आला. एकदाच.
मग बराच वेळ नुसता वारा.

"घट्टच होता," गाडीखालून म्हणाला,
चोरी पकडली गेल्यासारखा.

आत ये म्हटलं, तर हात दाखवले, तेलाचे.
पैसे काढले, तर कुत्र्याला खायला घालायचंय म्हणून निघालाच.
मी पळत जाऊन हँडलला पावाची पिशवी अडकवली.
गाठ दोनदा मारली.

चारला उठले.
किल्ली फिरवायच्या आधी, का कोण जाणे,
खडीवर गुडघे टेकून खाली बघितलं.
सगळीकडे गंज, चिखल, वर्षांचा चिकटा,
आणि मधोमध बोल्टभोवती
फडक्यानं पुसलेली, बशीएवढी स्वच्छ जागा.

मग सतरा दुकानं.