शेवटचा कोण होता

क्लायपेदाजवळ, पक्ष्यांच्या पायांत कडी घालणाऱ्या केंद्रात
झेनोनास पान चार हजार एकशे बारा मागतो
आणि चहा ठेवायला उठतो.
चहा होतो, निवतो.
पान येत नाही.

"तुमचा सर्व्हर," वायदोते सांगते,
"दर वेळी पहिल्या पक्ष्यापासून मोजतो.
दोन लाख पाच हजार पाचशे पन्नास
एकेक मुठीत घेतो, सोडून देतो,
मग पुढचे पन्नास तुमच्या पुढ्यात ठेवतो.
पुढचं पान मागा,
की पुन्हा पाढे पंचावन्न."

उशिराचं त्याला काही नाही.
काल तो नोंदी तपासत असताना
ऑद्राने तिकडून सात नवे पक्षी चढवले;
वरून सात आले, खालचे सात सरकले,
आणि पान उलटल्यावर त्याला तेच सात परत भेटले.
त्याने चष्मा पुसला.
संध्याकाळी गुपचूप
डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली.

वायदोते दोन ओळी खोडते, दोन लिहिते.
किती वगळायचे ते सांगायचं नाही,
शेवटचा कोण होता ते सांगायचं:
तारीख,
आणि तारखेला जोडून कड्याचा नंबर,
कारण ऑक्टोबरातल्या एका सकाळी
तीनशे गोल्डक्रेस्ट उतरतात,
नुसत्या तारखेने कुणाला ओळखणार?
सूची त्याच क्रमाने लावलेली.
सर्व्हर आता नेमका तिथे उतरतो
आणि पुढचे पन्नास उचलतो.

किटलीला हात लावेपर्यंत पान हजर.

"एकूण पानं किती, ते कुठे गेलं?"
"काढलं. तेही मोजायलाच लागतं."
"आणि मला एकदम तीन हजाराव्या पानावर जायचं असेल तर?"
"नाही जाता येणार.
तारीख द्या, तिथून सुरू करा. मग पुढे."
तो नाक मुरडतो.
बाहेर ऑद्रा जाळी गुंडाळते आहे, वारा चढलाय.

"समज, ज्या नोंदीवर मी थांबलो
तीच कुणी पुसून टाकली?"
"तरी चालतं.
तो नसला तरी त्याची जागा ठरलेली असते.
पुढचे त्या जागेनंतर येतात."

झेनोनास यावर काही बोलत नाही.
खिशातून डॉक्टरचं कार्ड काढतो
आणि मागच्या कोऱ्या बाजूवर,
सावकाश, एकेक आकडा पडद्याशी ताडून,
शेवटच्या कड्याचा नंबर उतरवून घेतो.