रिकामी ओळ

स्टॉर्नोवेच्या वकीलबाईंनी दिलेला फॉर्म
तीन आठवडे टोस्टरखाली पडून होता.
घर, बोट, बोटीचं कर्ज, वडिलांचं घड्याळ,
चहा निवायच्या आत सगळं वाटून झालं.
बंदुकीचं तेवढं राहिलं.
मग ती ओळ. पालकत्व.
आपल्यामागे मुलं कोणाच्या पदरात?

तुझा भाऊ रूअरी. समुद्र तोंडपाठ,
घरातलं दूध संपलंय हे मात्र दोन दिवसांनी कळतं.
माझी बहीण इश्बेल. तिच्याकडे मोजेसुद्धा
रंग पाहून जोडीजोडीनं झोपतात.
आणि मोराग एकच घालते, नाहीतर झोप नाही.

तू म्हणालास, आपण काही मरत नाही एवढ्यात.
फेरी सकाळीच रद्द झाली होती. वारा होता.
मी बोलले नाही.

कर्स्टीचं नाव मीच काढलं.
तू पेन खाली ठेवलंस.
तुझी पहिली बायको. मान्य.
पण नील कुत्र्यासारखा भुंकत खोकायचा त्या रात्री
गारांतून गमबूट घालून कोण आलं?
वाफेनं भरलेल्या न्हाणीघरात
पहाटेपर्यंत मांडीवर घेऊन बसली त्याला,
आणि जाताना माझी भांडी घासून गेली,
कुठली वस्तू कुठे, न विचारता.
तेव्हा ते मला लागलं होतं.

आपण गेलो तेव्हा ती पीटचं जळण रचत होती.
सगळं ऐकून घेतलं. हात पुसले नाहीत.
मग एवढंच म्हणाली,
"मोजा. कुठल्या पायात?"

साक्षीला पोस्टमन.
तू तारीख चुकवलीस,
खोडून पुन्हा लिहिलीस.